मोजलेल्या टाळ्या

गजर थांबला आणि चारुलताची टाळी थांबली नाही. नारायणबुवांनी दोन्ही हात वर करून सम दाखवली होती, तबला गप्प झाला होता, पेटीवाल्याने भात्यावरचा हात काढून घेतला होता, आणि बडोद्यातल्या प्रतापनगरच्या त्या छोट्या विठ्ठलमंदिराच्या मंडपात एकदम पडलेल्या शांततेत बायकांच्या बाजूकडून, भिंतीलगतच्या प्लास्टिकच्या खुर्चीतून, एकच टाळी ऐकू येत राहिली. सात, आठ, नऊ. पुढच्या माना वळल्या. तिचे डोळे मिटलेले असते तर गोष्ट वेगळी होती. पण ते टक्क उघडे होते आणि पदराच्या आडोशाने डाव्या मनगटावरच्या काळ्या काचेकडे लागलेले होते. तीन हजार नऊशे एक्क्याण्णव. मग मनगटाला गुदगुल्या झाल्यासारखी थरथर झाली, काचेवर रंगीत फटाके फुटले, चार हजार पावलं पुरी केल्याबद्दल घड्याळाने तिचं अभिनंदन केलं, आणि तेव्हा कुठे तिला कळलं की मंडपात आपल्याशिवाय कुणीच टाळी वाजवत नाही. हात तसेच हवेत राहिले. नारायणबुवांनी तिच्याकडे पाहिलं, डोळे मिटले, चिपळ्या उचलल्या, आणि आत्ताच संपवलेला गजर तिच्याच टाळीच्या लयीत, खालच्या पट्टीत, पुन्हा धरला. तबला धावत मागून आला. दीडशे माणसं पुन्हा विठ्ठल विठ्ठल करू लागली, जणू तो नाद मध्ये तुटलाच नव्हता. बुवांनी तिला झाकून घेतलं. म्हातारीला भाव अनावर झाला असं त्यांना वाटलं असणार. सगळ्यांनाच वाटलं. शेजारच्या बाईने तर डोळे पुसले. आणि हा दुसरा गजर, जो तिच्या एकटीसाठी उचललेला होता, त्यात चारुलताला हात हलवता येईना. आजचे चार हजार झाले होते.

सोहमने, तिच्या मुलाने, ते घड्याळ पाठवलं तेव्हा तिने ते तीन दिवस डबीतच ठेवलं होतं. एवढ्या जाड काचेची पाटी मनगटाला बांधून फिरायचं म्हणजे दवाखान्यातून पळून आल्यासारखं दिसेल, असं तिला वाटे. पण माघात ती न्हाणीघरात पडली होती आणि सकाळी सहापासून कामवाली येईपर्यंत, म्हणजे नऊपर्यंत, ओल्या फरशीवर पडून होती. त्या तीन तासांबद्दल तिने सोहमला फार काही सांगितलं नव्हतं. बालदीच्या कडीला नाक लागलं होतं आणि तिथून खिडकीतला आकाशाचा तुकडा राखाडीचा पांढरा आणि पांढऱ्याचा निळा होताना दिसला, हे तर मुळीच नाही. तो बेंगळुरूहून आला, दहा दिवस राहिला, डॉक्टरांशी इंग्रजीत आणि मोहनरावांशी गुजरातीत बोलला. मोहनराव घरं विकून देतात. तिच्या नवऱ्याबरोबर, लक्ष्मीकांतबरोबर, रेल्वेच्या वर्कशॉपात होते, निवृत्तीनंतर हा धंदा धरला. चहा पिता पिता त्यांनी भिंतींकडे असं पाहिलं की तिला आपल्या अंगावरचं लुगडं कुणी बोटांनी चाचपल्यासारखं वाटलं. शेवटी मायलेकांत तह झाला. डॉक्टरांनी रोज चार हजार पावलं सांगितली होती. गुडघे चालते राहिले तर ती एकटी राहू शकेल, नाहीतर नाही. "एक महिना, आई. रोज चार हजार. मला इथे फोनवर दिसेल. झालं तर मी घराचं नाव काढणार नाही. नाही झालं तर जुलैत मोहनरावांना हो म्हणायचं, आणि तू माझ्याकडे. कबूल?" तिने कबूल म्हटलं. तो महिना नेमका अधिक निघाला, जेठाच्या उन्हाचा, आणि देवळात रोज संध्याकाळी पाच ते सात नारायणबुवांचं कीर्तन लागलं.

पहिल्या दिवशी ती सकाळी खाली उतरली होती, खोटं का बोला. जिन्याच्या चौतीस पायऱ्या, कंपाउंड, फाटक. तिथेच उजवा गुडघा आतून कुणी पिळावा तसा दुखू लागला आणि ती परत फिरली. साडेसातशे. संध्याकाळी जिन्याचा कठडा धरधरून समोरच्या देवळात गेली, तेव्हा ते घड्याळ मनगटावर आहे हेही विसरली होती. पूर्वरंग झाला, मध्यंतरात बुवांच्या गळ्यात हार पडला, बुक्का लागला, मोठा गजर झाला, आणि तिचं मनगट थरथरलं. अडीच हजार. तिने आधी घड्याळाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे, ते खुर्चीखाली चपलेविना शांत होते, आणि मग समोर कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या विठोबाकडे. तोही गालात हसतोय असं तिला वाटलं. आता ह्या मुक्या घड्याळाला कसं कळावं, की हात हलले म्हणजे पाय हललेच असं नाही? तिला वाटलं, सोय केली देवाने. देवापुढची टाळी म्हणजे देवाच्या वाटेवर टाकलेलं पाऊलच नाही का, असाही एक वकील तिच्या मनात उभा राहिला आणि त्याने तो खटला दुसऱ्याच दिवशी जिंकला. मग सकाळी खाली उतरणं सुटलं. सोहम रोज आठ वाजता फोन करी. "वा आई, चार हजार दोनशे." त्याच्या आवाजातलं ते कौतुक. लहानपणी तो पाढे म्हणून दाखवायचा तेव्हा तिच्या आवाजात असायचं तसलं.

पण गेल्या आठवड्यापासून काहीतरी बिघडलं होतं. निरूपण लांबलं की तिला चुळबुळ व्हायला लागली. नारायणबुवा वाघोडियाच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. एकेक शब्द उघडून, पुसून, पुन्हा जागच्या जागी बसवायची त्यांची रीत, आणि तीच तर तिला आवडायची. आता बुवा एका ओवीवर वीस मिनिटं रमले की ती मनात म्हणे, आटपा हो, गजर घ्या, अजून हजार राहिलेत. हे तिला स्वतःला ऐकू आलं तेव्हा ती दचकली होती. आणि आज ही टाळी. कीर्तन संपेपर्यंत ती त्या टाळीच्या बाहेर येऊ शकली नाही. उत्तररंगातली कथा वाहत गेली, माणसं हसली, एकदा गहिवरली, आणि तिच्या कानात मात्र लक्ष्मीकांतची टाळी वाजत होती.

त्याची टाळी जरा मागे पडायची. वर्कशॉपातल्या ठोकाठोकीने त्याला उजव्या कानाने कमी ऐकू येई, त्यामुळे सगळ्यांची टाळी पडून गेली की क्षणाच्या कुठल्यातरी फटीतून त्याची यायची, जाड, कोरड्या लाकडाच्या फळीवर फळी पडावी तशी. लग्न होऊन ती दांडियाबाजारातून इथे प्रतापनगरला आली, आधी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, तेव्हाची पहिली एकादशी. पुरुष त्या बाजूला, बायका ह्या बाजूला, मध्ये एक सतरंजीची घडी. नव्या नवरीने तिकडे बघायचं नाही. तिने मान खाली घालून ऐकलं आणि शंभर टाळ्यांतून ती एक वेगळी काढली. कोणाची ते माहीत नव्हतं. घरी आल्यावर त्याने हात धुताना तळव्यावर तळवा आपटून पाणी झटकलं आणि तिला कळलं. हे तिने त्याला कधी सांगितलं नाही. चाळीस वर्षं ती देवळात तीच ऐकायला बसायची, हे तर देवालाही सांगितलं नसेल. मोगऱ्याचा, बुक्क्याचा, ओल्या ताडपत्रीचा वास, मांडीवर झोपलेला सोहम, त्याच्या कपाळाचा घाम तिच्या पातळाला लागून गार झालेला, गजर सुरू झाला की तो झोपेतच दोन्ही हात एकमेकांवर ठेवायचा, आवाज न करता. आणि त्या सगळ्याच्या मागे, किंचित उशिरा, ती टाळी. लक्ष्मीकांत गेला त्याला सहा वर्षं झाली. त्यानंतर गजरात प्रत्येक ठोक्यामागे एक रिकामी फट ऐकू यायची. तिथे पोचायची ती धडपड करायची, आपली टाळी थोडी मागे ठेवायची. तेवढ्यासाठी ती बडोदं सोडायला तयार नव्हती. बेंगळुरूलाही देवळं आहेत, सोहम म्हणतो ते बरोबरच आहे. पण ती फट तिथे नाही. आणि गेले एकोणतीस दिवस तिने त्या फटीत काय टाकलं? आकडे.

कीर्तन संपलं, प्रसादाचे द्रोण फिरले. पाया पडायला बाया तिच्या खुर्चीशी आल्या. बुवांच्या आधी तिच्या. तिने पाय मागे घेतले, पण खुर्ची भिंतीला टेकलेली. फत्तेसिंहराव देवळाचं बघतात, ऐंशीच्या पुढचे आहेत. ते काठी टेकत आले. "वहिनी, आज लक्ष्मीकांतची आठवण करून दिलीत. त्याचीही टाळी अशीच मागे राहायची." तिला वाटलं, आपण उठावं आणि मंडपाबाहेर जावं, पण गुडघे. "हो," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि त्या एवढ्यानेही खोटंच सांगितलं गेलं.

जिन्यापर्यंत कांचन तिला हात द्यायला आली. तळमजल्यावर राहते, नवरा बाजव्याला रिफायनरीत, बोलायला लागली की थांबत नाही. "काकू, मला एक विचारायचंय. तुमचं बघून मी सासऱ्यांना पण तेच घड्याळ घेतलं ना? अहो, ते नुसते हिंचक्यावर, त्या झोपाळ्यावर, बसून असतात. कॅसेट लावायची आणि मांडीवर ताल धरायचा. आणि रात्री घड्याळ म्हणतं, तीन हजार चालले. मी म्हटलं, आप्पा, हिंचक्यावरून अहमदाबादला जाऊन आलात की काय. ते म्हणाले, तुझ्या घड्याळाला विचार, मी कशाला भांडू." ती हसली, मग हसू आवरून म्हणाली, "पण त्यांचं बायपास झालंय ना. डॉक्टर विचारतात चालले किती, आम्ही घड्याळ पुढे करतो. ते म्हणतात सरस, औषध आहे तेच चालू ठेवा. आता दुकानवाला परवापर्यंत परत घेईल. ठेवू की परत करू? बिल्डिंगमध्ये अजून चार जणी घ्यायच्या बेतात आहेत, सगळ्या म्हणतात चारुलताकाकूंचं बघून. तुमचं तर बरोबर मोजतं ना?"

देवळाची पायरी अजून तीन हातांवर होती. आत समई तशीच तेवत होती. "हो," चारुलता म्हणाली. "अगदी बरोबर."

चौतीस पायऱ्या चढताना तिने प्रत्येक पायरीवर थांबून श्वास घेतला, आणि प्रत्येक पायरीवर तो हो तिच्याबरोबर थांबला. घरात दिवा लावला, तरी उजेड पडला असं वाटेना. लक्ष्मीकांतचा फोटो होता तिथेच होता, त्याच्याकडे पाहायचं तिने टाळलं. पाणी प्यायली. स्वतःच्या तळहातांकडे बघत बसली. ते लाल झाले होते, आतल्या बाजूला हुळहुळत होते, मेहनत केल्यासारखे. कीर्तनातून घरी यायचं तेव्हा पूर्वी असेच हुळहुळायचे, लक्ष्मीकांत पुढे, कडेवर सोहम, ती मागे, आणि वाटेत कुणी बोलायचं नाही. बोललं की आतलं सांडेल असं वाटायचं. आज आत काय होतं सांडायला? एक हिंचका, त्यावर बसलेला एक म्हातारा, त्याच्या मनगटावर आपण स्वतः बांधल्यासारखं एक घड्याळ, आणि तो चालतोय अशा समजुतीत असलेला डॉक्टर. आपलं खोटं आपल्या घरात राहील, आपल्याच मुलाशी, असं तिने धरलं होतं. ते जिना उतरून तळमजल्यावर कधी गेलं?

तिने कांचनला फोन लावला. "अगं, मघाशी मी चुकीचं सांगितलं. माझंही तसंच मोजतं. टाळीला पाऊल धरतं."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "म्हणजे परत करू?"

"परत कशाला? ठेव. माणूस पडला तर ते कळवतं म्हणे, मला माघात असतं तर तीन तास वाचले असते. ठोके मोजतं, तेही असू दे. पण ताल धरताना काढून ठेवायला सांग आप्पांना. आणि उद्याच डॉक्टरांना सांगा की चाललेले नाहीत. त्या चौघींनाही सांग. घ्यायचं तर घ्या म्हणावं, पण त्याच्या भरवशावर डोळे मिटू नका."

"पण काकू," कांचन म्हणाली, "सोहमला तर..."

"हो," चारुलता म्हणाली. "आता त्यालाच करते."

आठ वाजायची वाट तिने पाहिली नाही. सोहम अजून ऑफिसातच होता, मागे लिफ्टचा आवाज येत होता. "आई, सगळं ठीक? घड्याळात तर सगळं बरोबर दिसतंय. चार हजार चारशे."

"त्यातले तीन हजार टाळ्या आहेत रे."

"काय?"

तिने सांगितलं. पहिल्या दिवशीच्या साडेसातशे पावलांपासून आजच्या टाळीपर्यंत, मध्ये न थांबता. ओरडेल असं तिला वाटलं होतं. लहानपणापासून तो रागावला की आधी गप्प होतो, हे ती विसरली होती. "रोज?" तो शेवटी म्हणाला.

"रोज."

"मी इथे मीटिंगमध्ये असतो ना, साडेपाच-सहाला, फोन टेबलाखाली धरून बघतो. आकडा वाढताना दिसतो. मी म्हणायचो, आता फाटकातून बाहेर पडली. आता कडुलिंबापाशी आली. आज बरीच लांब गेली, सांभाळून ये म्हणावं." तो हसला, पण हसू नव्हतं ते. "मी रोज तुझ्याबरोबर घरी पोचायचो, आई. आणि तू खुर्चीत बसली होतीस."

तिने फोन दुसऱ्या कानाला घेतला. आपल्याला वाटत होतं की मुलगा आकडा बघतो. तो रस्ता बघत होता. बेंगळुरूच्या कुठल्यातरी काचेच्या खोलीत बसून प्रतापनगरचा रस्ता. तिने त्याला तो रोज खोटा दाखवला होता. "चुकलं माझं," ती म्हणाली. "तह मोडला मी. तू मोहनरावांना सांगून टाक जुलैचं."

"खरं किती चालतेस?"

"देवळापर्यंत."

"सांगतो त्यांना," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

त्या रात्री तिला झोप लागली, ह्याचंच तिला सकाळी नवल वाटलं. सहाला फोन वाजला. "उठलीस? चपला घाल. फोन कानाला ठेव आणि खाली उतर. मी पण खाली आलोय, माझ्या बिल्डिंगच्या. तू तिथे चाल, मी इथे चालतो."

"आता कशाला रे? ठरलं ना काल."

"उतर ना, आई. घड्याळ राहू दे घरी."

एका हाताने कठडा, एका हाताने फोन. चौतीस पायऱ्यांना दोघांनाही बोलायला झालं नाही, त्याला तिचा श्वास ऐकू येत असणार. कंपाउंड. फाटक. गुडघा जागा झाला. "कुठे पोचलीस?" "फाटकात. दूधवाला निघालाय." "काय दिसतंय?" असं काय विचारतो, तिला वाटलं, पण ती सांगू लागली. रेल्वेच्या भिंतीला नवा पिवळा रंग दिलाय. सायकलवाले निघालेत डबे लावून, आता स्कूटरच जास्त. कोपऱ्यावर फाफड्याची कढई चढलीय. तुझ्या शाळेची रिक्षा थांबायची तिथे आता भाजीवाली बसते. सांगता सांगता पाय पडत होते, एकेक, जड, दुखरे, प्रत्येकाला स्वतःचं वजन होतं. हवा अजून गार होती. किती दिवसांनी आपण सकाळ अंगावर घेतली, तिला आठवेना. कडुलिंबाखाली मात्र तिने पाराची कड धरली. "बस रे सोहम. इथपर्यंतच."

"खरंच?"

"खरंच. आता ह्यापुढे सांगितलं तर खोटं होईल."

"मग बस तिथे. मीही थांबतो."

ती पारावर टेकली. त्याच्या बाजूने कुणाची तरी कानडीतली हाक, एक मोटार, मग शांतता. तिच्या बाजूने पाखरं. दोघं बसले होते. रस्त्यावरून जाणारी एक रिक्षा हळू झाली, चालवणारा तरणा, कपाळाला टिळा, त्याने एकट्या म्हातारीला कानाला फोन लावून बसलेलं पाहिलं आणि मान बाहेर काढून कुठे जायचंय ते विचारलं. "मासी, क्यां जवुं छे?"

"क्यांय नथी जवुं, भाई," चारुलता म्हणाली. "अहीं ज रहुं छुं."

कुठेच जायचं नाही, इथेच राहते म्हटल्यावर रिक्षा गेली. लाइन तुटली की काय म्हणून तिने फोन कानापासून दूर धरून पाहिला.

"आई," सोहम म्हणाला, "मोहनरावांना मी अजून फोन केलेला नाही."

तिने फोन पुन्हा कानाशी नीट धरला.

"आज करत नाही. उद्याचं उद्या बघू. उद्या सहाला तयार राहा, आणि तो पार ओलांडून दहा पावलं पुढे. दहाच. खरी."

"बघते," ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली. घरापर्यंतचा सगळा रस्ता अजून परत चालायचा होता.